चावीवाल्यांच्या अकराशे नोंदी

आमच्या पाणीपुरवठा खात्यात त्यांना कुणी नावानं हाक मारत नसे. पगारपत्रकावरचं नाव वाचून दाखवलं असतं, तर "हे कोण?" असं विचारणारे निम्मे तरी निघाले असते. ते चावीवाले. शहराच्या रस्त्यांखाली पाण्याच्या नळांचं जाळं आहे आणि त्यावर ठिकठिकाणी व्हॉल्व्ह बसवलेले आहेत. कुठल्या भागाला केव्हा पाणी सोडायचं, नळ फुटला तर कुठून तोडायचं, हे सगळं त्या व्हॉल्व्हवर. ते फिरवायला छातीइतकी उंच, वर आडवी मूठ असलेली लोखंडी चावी लागते. ती सायकलच्या दांड्याला बांधून हा माणूस एकतीस वर्षं रोज सकाळी सहाला बाहेर पडत होता.

मी त्याच खात्यात संगणक विभागात. विभाग म्हणजे मी, दोन टेबलं आणि एक गळका एसी. आमची ओळख नुसती जाता-येता मान हलवण्यापुरती होती. तरी त्यांची गोष्ट मलाच सांगायला हवी, कारण त्यांच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं नुकसान माझ्या टेबलावर झालं. आणि चांगल्या हेतूनं झालं.

हे घडलं त्याच्या बारा वर्षं आधी खात्यानं एक योजना काढली होती. मीटर वाचणाऱ्यांनी जागेवरच आकडे भरावेत म्हणून तळहातावर मावणारे ऑर्गनायझर वाटले. छोटासा राखाडी पडदा, खाली चार बटणं, लिहायला प्लास्टिकची काडी. त्यावर लिहायची तऱ्हाही वेगळी. प्रत्येक अक्षर काडी न उचलता एका रेघेत काढायचं, जरा चुकलं की भलतंच उमटायचं. मीटरवाल्यांच्या नाकी नऊ आले. वर्षभरात योजना बारगळली आणि यंत्रं ड्रॉवरात गेली. एकाचं तर कपाटाच्या पायाखाली टेकू म्हणून बसलं.

चावीवाल्यांना खरं तर ते मिळायचंच नव्हतं. एक जास्तीचं उरलं, ते त्यांनी मागून घेतलं. जेवणाच्या सुट्टीत पंप हाऊसच्या पायरीवर बसून चाळिशी ओलांडलेल्या या माणसानं ती रेघांची अक्षरं गिरवली. मग एकेक व्हॉल्व्ह त्यात घालायला सुरुवात केली.

त्यामागे कारण होतं. त्यांच्या आधीचे चावीवाले, ज्यांच्या हाताखाली ते शिकले, एका दुपारी कामावरच छातीत कळ येऊन गेले. "अर्धं शहर त्यांच्या डोक्यात होतं," ते मला पुढे एकदा म्हणाले. "ते गेले आणि मी सहा वर्षं रस्ते ठोकत फिरलो. रस्ता नवा केला की झाकणावर डांबर जातं. मग खाली काय आहे, कुणाला ठाऊक? माझ्यानंतर येणाऱ्याचे असे हाल नकोत."

एका नोंदीत काय असायचं, ते मी पाहिलं आहे. "मुलींच्या शाळेचं फाटक, उजव्या खांबापासून सात पावलं, डांबराखाली चार बोटं. उलटी फिरते. चौदा आटे. नवव्याला अडते, जोर करू नये, थोडी मागे घेऊन पुन्हा." किंवा "बेकरीची भिंत, खिडकीच्या सरळ रेषेत. झाकण फुटलंय. खाली विंचू असतात." बारा वर्षांत अशा अकराशे नोंदी झाल्या. खात्याच्या नकाशावर यातले चारशेही नव्हते, आणि जे होते ते रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला.

या यंत्राची एक खोड होती. त्यात दोन बारके सेल असायचे आणि सेल असेपर्यंतच त्याची आठवण. सेल बदलताना मिनिटभर तग धरायची सोय आत होती, पण जुनं होता होता ती मेली. गेल्या दोन्ही खेपांना सेल काढले आणि सगळं पुसलं गेलं. त्यात घाबरण्यासारखं काही नव्हतं, कारण यंत्र सोबत मिळालेल्या स्टँडमध्ये ठेवून बटण दाबलं की सगळं आमच्या कोपऱ्यातल्या जुन्या संगणकात उतरायचं. नवे सेल घातले की तिथून परत भरायचं. हे सगळं ते सेल बदलायच्या वेळीच, माझ्या जेवणाच्या सुट्टीत येऊन स्वतःच करायचे, कुणाला विचारायचे नाहीत. म्हणूनच मला त्याचा पत्ता नव्हता.

मग संगणक बदलले. सगळ्या कचेरीत लिनक्स ही फुकट मिळणारी संगणकप्रणाली आणायची, ही कल्पना माझी होती. मी त्यासाठी दोन वर्षं टिपणं लिहिली, बैठका घेतल्या, साहेबांच्या मागे लागले. जुने संगणक भंगारात काढायच्या आधी "आपापल्या फाइली काढून घ्याव्यात" अशी सूचना फलकावर लावली. खाली माझीच सही.

एका मंगळवारी दुपारी ते प्लास्टिकच्या पिशवीत स्टँड घेऊन आले.

"ताई, माझा संगणक कुठे गेला?"

"तुमचा कुठला, काका?"

"तो कोपऱ्यातला. पिवळा पडलेला."

"तो भंगारात गेला. दीड महिना झाला. सूचना लावली होती की."

"कुठे?"

"फलकावर."

सकाळी सहाला फाटकावर सही करून रस्त्यावर जाणारा माणूस वरच्या मजल्यावरचा फलक कधी वाचणार, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. त्यांनी यंत्र टेबलावर ठेवलं, सेलची भानगड समजावून सांगितली, आणि पडद्याच्या कोपऱ्यातली बारकीशी खूण दाखवली. सेल निम्म्याच्या जरा वर होते.

"हे संपायच्या आत उतरवून घ्यायचं. होईल ना?"

"का नाही होणार? लिनक्सवर सगळं होतं," मी म्हटलं.

भंगारवाल्याकडे मी त्याच संध्याकाळी फोन केला. माल केव्हाच पुढे गेला होता.

पहिलं घोडं वायरीशीच अडलं. स्टँडच्या वायरीला नऊ पिनांचं जुनं टोक, आणि नव्या संगणकाला तसलं भोकच नाही. जोडणारा तुकडा मागवला, त्यात आठवडा गेला. तो लिनक्सनं ओळखला, पण पलीकडचं यंत्र काही दिसेना. या कामाचा एक प्रोग्राम होता. तो लिहिणाऱ्यांनीही केव्हाच हात झटकलेले. त्याची रीत अशी, की आधी स्टँडवरचं बटण दाबायचं आणि यंत्र साद घालत असतानाच्या काही सेकंदांत इकडून आज्ञा द्यायची. लवकर दिली तर यंत्र नाही म्हणायचं, उशीर झाला तर संगणक.

"दाबू?" ते विचारायचे.

"दाबा."

आणि पडद्यावर उमटायचं, यंत्र सापडलं नाही. मग मी काहीतरी बदलायची, परवानग्या, पोर्टाचं नाव, प्रोग्रामची जुनी आवृत्ती. पुन्हा "दाबू?", पुन्हा "दाबा." दर मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी हा कार्यक्रम. आमच्या मजल्यावरचे लोक त्याला चावीवाल्यांची ओपीडी म्हणायला लागले. आस्थापनेतला कारकून दारात उभा राहून विचारायचा, "पेशंट कसा आहे?" चावीवाले हसायचे. "नाडी लागत नाहीये," म्हणायचे.

तिसऱ्या आठवड्यात नाडी लागली. एका शुक्रवारी अचानक यंत्रातली पत्त्यांची वही उतरली, दोनशे चौदा नावं. मी खुर्चीतून उठलेच. ते मात्र पडद्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "वाचून दाखवा बरं दोन-चार." मी वाचली. प्लंबर, पंपवाले, बदलून गेलेले अभियंते. "हा वारला," ते एका नावावर म्हणाले. "हाही." मग म्हणाले, "पण बरोबर आलंय. अक्षर न् अक्षर."

नोंदी मात्र उतरेनात. सुरुवात व्हायची आणि तुटायचं. कधी तिसाव्या नोंदीला, कधी नव्वदाव्या. प्रोग्राम असा, की सगळं उतरल्यावर शेवटी एकदम फाइल लिहायचा. मध्ये तुटलं की हाती काहीच नाही. आणि प्रत्येक खेपेला कोपऱ्यातली खूण थोडी खाली.

पाचव्या आठवड्यात ते एक वही घेऊन आले. दोनशे पानी, रेघांची.

"घरी उतरवून काढतोय," म्हणाले. "आमची ही पडद्यावरचं वाचते, मी लिहितो. तीनशे चाळीस झाले."

मी वहीत पाहिलं. गोल, सावकाश काढलेलं अक्षर. मग मी यंत्राची खूण पाहिली. पाव राहिली होती.

"काका, हे थांबवा," मी म्हटलं. "पडदा चालू राहिला की सेल उतरतात. तुम्ही रोज दोन-दोन तास तो चालू ठेवताय. जे उरलंय ते उतरवून घेण्यासाठी राखून ठेवू. एकदा जमलं की पाच मिनिटांत अकराशे येतील."

त्यांनी वही मिटली. टेबलाच्या कडेवर बोट फिरवत बसले.

"नक्की जमेल?"

"आता जवळ आलोय आपण. पत्ते आले की नाही?"

"तुम्ही म्हणता तर थांबवतो," ते म्हणाले.

त्या वेळी मला माझा सल्ला शहाणपणाचा वाटला होता. हिशेब चुकीचा नव्हताच. रोज पंचवीस नोंदी या गतीनं वही पूर्ण व्हायच्या आत सेल गेलेच असते. पण सातशे नोंदी झाल्या असत्या, आठशेही झाल्या असत्या. हा हिशेब मी नंतर इतक्या वेळा केला आहे, की आता करायला बसावं लागत नाही.

पुढच्या बुधवारी मला कुठल्याशा जुन्या चर्चेत एकाचं उत्तर सापडलं. वायर जुनी असेल तर वेग कमी करा, सगळ्यात खालचा ठेवा, म्हणजे तुटत नाही. मी पंप हाऊसला फोन करून त्यांना बोलावलं. अकराच्या सुमाराला ते आले, चावी खाली सायकललाच ठेवून. हात धुऊन खुर्चीत बसले.

"दाबू?"

"दाबा."

आकडा सरकायला लागला. तीस गेले, नव्वद गेले, तुटलं नाही. दोनशे. वेग कमी म्हणजे अगदीच कमी, दोन-दोन सेकंदांना एक नोंद. चारशे. आस्थापनेतला कारकून आला आणि आमची तोंडं बघून दारातच उभा राहिला. सहाशे. यंत्राचा पडदा मला थोडा फिका दिसला. मी म्हटलं, उजेडामुळे असेल.

सहाशे बाराला आकडा थांबला.

मी वाट पाहिली. त्यांनी यंत्राकडे बोट केलं. पडद्यावर काही नव्हतं, नुसता राखाडी. खालचा वेग म्हणजे जास्त वेळ, आणि जास्त वेळ म्हणजे जास्त सेल. इतकी साधी गोष्ट मला सुचली नव्हती. मी फाइल उघडून पाहिली. नाव होतं, आत शून्य बाइट.

त्यांच्या खिशात नवे सेल होते. ते बहुधा रोजच बरोबर ठेवत असावेत. त्यांनी मागचं झाकण काढून जुने काढले, नवे घातले. पडदा लागला आणि त्यावर स्वागत आलं. मग एक फुली आली, तिच्या मधोमध काडी टेकवा अशी सूचना. दुकानातून आणलेलं नवं यंत्र जे विचारतं ते. त्यांनी काडी टेकवली. दुसऱ्या कोपऱ्यात फुली आली, तिथेही टेकवली. मग यंत्रानं तारीख विचारली.

"आज किती तारीख, ताई?"

मी सांगितली. त्यांनी ती भरली, वेळ भरली, यंत्र खिशात टाकलं आणि "येतो" म्हणून निघाले. जिन्यापर्यंत मी त्यांच्या मागे गेले.

"काका, तुम्हाला तर सगळं पाठ असेल ना," मी म्हटलं. "बसून पुन्हा लिहू आपण. मी टाइप करते."

ते दोन पायऱ्या उतरून थांबले. "पाठ होतं," म्हणाले. "यात घालायच्या आधी सगळं पाठ होतं. मग म्हटलं, आता कशाला वागवायचं? डोकं मोकळं केलं."

तरी आम्ही बसलो. चार दुपारी. रोज जायच्या रस्त्यांवरचे त्यांना येत होते, सव्वाशेच्या आसपास. त्यातले बहुतेक वहीत होतेच. बाकीच्यांसाठी ते डोळे मिटून रस्ता आठवायचे, दुकानं ओळीनं सांगायचे आणि नेमके झाकणापाशी अडायचे. "सहा पावलं की नऊ?" मलाच विचारायचे. पाचव्या दुपारी ते आले नाहीत.

दीड महिन्यानं इस्पितळाच्या रस्त्यावर मोठा नळ फुटला. सकाळचे दहा वाजले होते. रस्ता मधोमध उचलला गेला आणि पाणी बाह्यरुग्ण विभागाच्या दारातून आत शिरलं. मीही गेले, कारण साहेबांनी नकाशे छापून आणायला सांगितले होते. चावीवाले त्या भर पाण्यात उभे राहून लोखंडी सळईनं रस्ता ठोकत होते. इथे ठोकून बघ, तिथे ठोकून बघ. पोकळ आवाज कुठेच येईना. पाण्याच्या खळखळाटात आवाज ऐकू तरी काय येणार? पूर्वी त्यांना अशा वेळी दोन मिनिटं लागायची. चाळीस मिनिटांनी साहेबांनी मुख्य टाकीच बंद करायला लावली आणि अर्ध्या शहराचं पाणी गेलं. इस्पितळाचंही.

"एकतीस वर्षं काय केलंत मग?" साहेब सगळ्यांसमोर म्हणाले. "शहराचा एक व्हॉल्व्ह सापडत नाही तुम्हाला?"

चावीवाले मान खाली घालून सळई पुसत राहिले. माझ्या हातात नकाशांची गुंडाळी होती. मी तिथे बोलू शकले असते. नोंदी होत्या साहेब, त्या माझ्याकडे गेल्या, एवढंच म्हणायचं होतं. मी नकाशे साहेबांच्या हातात दिले आणि बाजूला उभी राहिले.

त्यानंतर ते निवृत्त होईपर्यंत तीन महिने गेले. त्या काळात त्यांना चावी घेऊन फारसं कुणी पाठवलं नाही. पंप हाऊसवर बसवून ठेवलं. निरोपाच्या दिवशी सगळ्यांनी दोन-दोन शब्द बोलून झाल्यावर त्यांना उभं केलं, तर ते म्हणाले, "मला काही बोलायचं नाही," आणि बसले. वही त्यांनी खात्यासाठी म्हणून टेबलावर ठेवली. तीनशे चाळीस नोंदी पहिल्या पानांवर, पुढे कोरी. त्यांच्या जागी कुणी नेमलं नाही. काम ठेकेदाराकडे गेलं.

वर्षभरानं मी घरचा जुना रेडिओ दुरुस्तीला घेऊन गेले. दुरुस्तीवाला गप्पिष्ट होता. त्याच्या काउंटरवर तसलाच एक ऑर्गनायझर उघडून ठेवलेला दिसला, म्हणून मी सहज विचारलं, याचे सेल बदलताना सगळं जातं ना?

"जातं की," तो म्हणाला. "पण तोड आहे त्याला. आतले सेल असतानाच पट्ट्यांना दोन तारा डकवायच्या आणि बाहेरून दुसरे सेल जोडायचे. मग आतले काढा, घाला, काही होत नाही. पाच मिनिटांचं काम." त्यानं मला करून दाखवलं. पाच मिनिटंही लागली नाहीत. त्याचं दुकान आमच्या कचेरीपासून दोन चौक पलीकडे आहे.

पुढचे कित्येक दिवस माझं कशात मन लागेना. शेवटी एका रविवारी मी चावीवाल्यांच्या घरी गेले. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. काकूंनी दार उघडलं. मला त्या नावानं ओळखत होत्या, कुठल्या कारणानं ते सांगायला नको. चावीवाले खिडकीपाशी खुर्चीत बसले होते. दाढी वाढली होती. मला पाहून उठायला लागले, मी बसवलं.

इकडचं तिकडचं झालं. मुलगी दूर असते, ती चला म्हणते, पण यांचं मन होत नाही, असं काकू म्हणाल्या. मग त्या चहा करायला आत गेल्या आणि मी एका दमात सांगून टाकलं. दुरुस्तीवाला, दोन तारा, पाच मिनिटं. वही थांबवायला मी सांगितलं, हेही. त्या दिवशी इस्पितळापाशी मी गप्प राहिले, हेही.

ते ऐकत होते.

"तारांचं मला माहीत नव्हतं," ते म्हणाले.

"मलाही नव्हतं, काका."

"मग आता कशाला सांगितलंत?"

त्यांचा आवाज चढला नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. माझ्या छातीवरचा दगड उचलून मी त्यांच्या मांडीवर ठेवायला आले होते, हे मला त्या क्षणी कळलं.

"मी समजत होतो, नशिबात नव्हतं," ते म्हणाले. "तेवढ्यावर चाललं होतं माझं."

काकू चहा घेऊन आल्या. आम्ही तिघांनी तो घेतला. निघताना मी वाकून नमस्कार करायला गेले, तर त्यांनी पाय आखडून घेतले. "असू दे, ताई," एवढंच म्हणाले. त्या घरी मी पुन्हा गेले नाही. दोन पावसाळ्यांनी काकूंचा फोन आला, ते गेले म्हणून. झोपेतच गेले. पोचवायला कचेरीतले आम्ही चौघं होतो.

आता ठेकेदाराची माणसं नळ फुटला की रस्ता खणतात. अंदाजानं एक खड्डा, मग दुसरा, कधी तिसरा. व्हॉल्व्ह सापडला की बंद करतात, खड्डा बुजवतात आणि जातात. सापडला कुठे, हे कुणी लिहून ठेवत नाही. ते कलम ठेक्यात नाही. कुठे खणलंय ते कळलं, की मी जेवणाच्या सुट्टीत तिथे जाते. कडेच्या खांबापासून किंवा भिंतीपासून पावलं मोजते, आटे किती ते खणणाऱ्यांना विचारते. ते हसतात, पण सांगतात. वर येऊन मी ते लिहून ठेवते, कागदावर आणि संगणकात, दोन्हीकडे. हे मला कुणी सांगितलेलं नाही आणि पुढे कुणी बघेल असंही वाटत नाही. चार वर्षांत वहीत नसलेले अकरा सापडले.